सरड्याच्या सत्तावीस अंड्यांची तक्रार मागे घेण्याबाबत

नाव इद्दर औतालब, वय ६१ वर्षे, धंदा: शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त मदतनीस, सध्या घरी सरडे पाळतो. राहणार चांभारगल्ली, तारूदांत. तारीख १५ एप्रिल, सकाळी अकरा वाजता.

मी आज कोणी न बोलावता ठाण्यात हजर होऊन सांगतो की, वरील पत्त्यावर मी माझी धाकटी बहीण तामू हिच्यासह राहतो. ती विधवा असून तिला मूलबाळ नाही. गच्चीवर तिच्या कोंबड्या आणि माझे सरडे आहेत. सरडे म्हणजे शॅमेलिऑन, रंग बदलणारे. पाळण्याचा परवाना १३ तारखेच्या मागच्या जबाबासोबत जोडला आहे. सहा वर्षांत माझ्याकडच्या माद्यांनी चार वेळा अंडी घातली, पण ती सगळी वांझ निघाली. गेल्या १४ ऑक्टोबरला माझ्या थोरल्या मादीने कुंडीच्या मातीत सत्तावीस अंडी घातली आणि ती पहिल्यांदाच भरली. मादी पाचव्या दिवशी मेली. ती माझ्याकडे चार वर्षे होती.

अंडी मी ओलसर वाळूच्या पेटीत ठेवली आणि पेटी जिन्याखालच्या बंद पडलेल्या फ्रिजमध्ये. ती ऑगस्टमध्ये फुटायची होती. प्रत्येक अंड्यावर वरच्या बाजूला मी पेन्सिलीने फुली केली होती. याचे कारण मागच्या जबाबात नीट आलेले नाही, म्हणून पुन्हा सांगतो. कोंबडीच्या अंड्यातले पिल्लू आत झुलते राहते, त्यामुळे अंडे फिरवावे लागते. सरड्याचे पिल्लू वरच्या बाजूला कवचाला चिकटते. ते अंडे कधीच फिरवायचे नसते. फिरवले की पिल्लू गुदमरते. फुली वर राहिली पाहिजे, एवढाच तिचा अर्थ.

३ ते १२ एप्रिल मी डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी अगादीरच्या इस्पितळात होतो. जाताना मी तामूला सांगितले की, रोज झाकण उघडून हवा दे आणि वाळू सुकली तर कडेने पाणी शिंपड. आणखी काही सांगायचे मला सुचले नाही. बावीस वर्षे मी मुलांना हे शिकवत आलो, आणि घरात सांगायचे राहिले.

१२ तारखेला दुपारी परत येऊन पेटी उघडली तेव्हा एकही फुली दिसली नाही. डाव्या डोळ्यावर पट्टी होती, त्यामुळे आधी वाटले, मलाच दिसत नाही. मग वाटले, मी फुल्या केल्याच नव्हत्या. एक अंडे उचलून पाहिले तर फुली खाली होती. दुसऱ्याचीही खाली. सत्तावीसच्या सत्तावीस. तामू तेव्हा शेजारी गेली होती. मी तिला विचारायला थांबलो नाही. मला त्या वेळी एकच नाव सुचले.

सी बिही यांचे बाजारात जडीबुटीचे दुकान आहे. ते वाळवलेले आणि जिवंत सरडे विकतात. बायका ते करणी उतरवायला निखाऱ्यावर टाकतात. माझ्याकडचे मी त्यांना कधी दिले नाहीत, म्हणून दोन वर्षे आमची धुसफूस होती. जानेवारीत ते चारचौघांत म्हणाले होते, "इद्दर, सरडे पाळून पाळून तूही सरडाच झालास बघ. तुझी धाव गच्चीच्या कठड्यापर्यंत. बघू, तुझी अंडी कशी फुटतात ते." मी अगादीरला असताना ते घरी येऊन चहा पिऊन गेले, असे शेजाऱ्यांकडून कळले होते. यावरून मी १३ तारखेला त्यांच्याविरुद्ध तक्रार दिली. काल, १४ तारखेला, त्यांना सकाळी दहापासून चारपर्यंत ठाण्यात बसवून ठेवले. त्यांना नेताना सगळ्या बाजाराने पाहिले.

काल संध्याकाळी जेवताना तामूने विचारले, "दादा, सी बिहीला कशापायी धरलं?" मी म्हणालो, "माझ्या पेटीला हात लावला त्यानं."

ती म्हणाली, "काहीतरीच. तुझा डोळा कसा आहे विचारायला आला होता बिचारा. जिन्यापर्यंतसुद्धा आला नाही. पेटीजवळ मी सोडून कुणी फिरकलं नाही. सकाळ-संध्याकाळ, बिस्मिल्ला म्हणून, एकेक अंडं हातानं फिरवलंय मी. तू फुल्या करून ठेवल्यास ते बरं झालं, एकपण चुकलं नाही. सकाळी फुली खाली, संध्याकाळी वर. आई खुडूक कोंबडीखाली ठेवायची ना, अगदी तसंच. एकाला तडा गेला असेल तर बघ."

तडा कशालाच गेला नव्हता. मी "बरं केलंस" म्हणालो. हा जबाब लिहून घेणाऱ्या साहेबांनी विचारले की असे का म्हणालात. मी ताटाकडे बघत होतो आणि तिने मला आणखी वाढले, एवढे आठवते.

अंडी मेली की नाही, या प्रश्नाला माझे उत्तर असे की, खोलगट झालेले एक अंडे मी विजेरीसमोर धरले. आत लाल शिरा दिसायला हव्या होत्या, त्या दिसल्या नाहीत. अशी एकूण एकोणीस अंडी खोलगट झाली आहेत. उरलेली आठ मी विजेरीसमोर धरलेली नाहीत. गुन्हा कोणता लिहायचा असे साहेब विचारतात. मलाही कळत नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी असे म्हणतात, पण इथे मुळात चोरच नाही, आणि संन्याशाला मात्र मी सहा तास बाकावर बसवले. याची मला लाज वाटते.

आज सकाळी नऊला मी एकटाच चाचपडत सी बिहींच्या दुकानात जाऊन खरे सांगितले. ते म्हणाले, "मी सरडे जाळतो, इद्दर. त्याचा जाब वर गेल्यावर देईन. अंडी फिरवत बसायला मला वेळ आहे का?" मग विचारले, "तामूला सांगितलंस?" मी नाही म्हणालो. "सांगणार आहेस?" मी डोळ्यावरची पट्टी सारखी केली. ते म्हणाले, "म्हणजे तिला कळू नये म्हणून गल्लीत मी चोर." त्यांनी तराजू पुसून ठेवला. शेवटी म्हणाले, "ठाण्यात जा. लेखी दे. मी कुणाला वाचून दाखवणार नाही. तो कागद माझ्या खणात असू दे, म्हणजे मला झोप लागेल. लोक काय, चार दिवस बोलतील."

म्हणून मी हा जबाब देत आहे. सी बिही यांचा या प्रकारात काहीही संबंध नाही. माझी तक्रार खोटी नव्हती, पण चुकीची होती. ती मी मागे घेतो. या जबाबाची एक प्रत सी बिही यांना द्यावी. तामूचे म्हणणे नोंदवण्यासाठी तिला बोलावू नये, अशी माझी विनंती आहे. साहेबांनी ती मान्य केली.

मला एका डोळ्याने रस्ता नीट दिसत नाही, म्हणून हात धरून तामूच मला इथे घेऊन आली आणि आता बाहेर बाकावर बसली आहे. येताना ती ऑगस्टपर्यंतचे आठवडे मोजत होती. त्यामुळे हा जबाब दार लावून, हळू आवाजात मला वाचून दाखवण्यात आला. मी सांगितला तसाच तो लिहिला आहे.

सही: इद्दर औतालब