थुंकी लिहून देणार

सांगलीत खोली करून राहायचो तेव्हाची गंमत, एसटीडी बूथचा जमाना. मी एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीला, अन् पार्टनर दिग्या बिझनेस लॉला. तंबाखूनं लाळेतलं एन्झाइम मंदावतं का, हा माझा प्रोजेक्ट. खेड्यात करार कसे होतात, हा त्याचा. म्हटलं, चल बरोबर. तिथंच शेण खाल्लं मी.

आष्ट्याजवळच्या एका गावात पारावरचे दहा जण थुंकी द्यायला तयार झाले. त्यातल्या तात्यांनी तर तंबाखूचा बार भरून तोंडात लाळ साठवलीसुद्धा. मी बाटली पुढं केली, तेवढ्यात दिग्या ओरडला, "थांबा! आधी कागद!" आणि चक्क स्टॅम्पपेपर काढून वाचायला लागला, "थुंकी लिहून देणार तात्या, लिहून घेणार हा. सदर थुंकी मी राजीखुशीने कायमची देत असून, मी किंवा माझे वारस ती परत मागणार नाहीत."

'वारस' ऐकल्याबरोबर नऊ जण उठले. "पळा रं, रान लिहून घ्यायला आल्यात ही!"

उरले एकटे तात्या, गाल फुगवून. नमुने गार ठेवायला आणलेला बर्फ थर्मासात वितळत होता. मी हात जोडले, "तात्या, सही मरू दे, तुम्ही फक्त थुंका!"

तात्यांनी दिग्याकडं रोखून बघितलं. मग घटकन आवाज आला. तंबाखूसकट सगळं गिळलं होतं त्यांनी.

"वकीलसाहेब, थुकल्यालं परत चाटायची रीत आमच्या घराण्यात न्हाई. तुमास्नी एवढाबी भरवसा नसंल, तर थुकायचंच कशाला?"