हातावरची सखू

कॉम्प्युटर "नाही" म्हणाला तरी मी आता लगेच मान हलवत नाही, बाबांनो. एकदा कळस गावचे तात्या बेपत्ता थोरल्या भावाला शोधत बारामतीला आमच्या दवाखान्यात आले होते. बेवारस मृतदेहांची वर्णनं माझ्या कॉम्प्युटरवरच्या फायलींत असायची.

"दादाच्या हातावर आईचं नाव गोंदलंय, सखू," तात्या म्हणाले.

मी कमांड दिली, 'हातावर सखू' शोध. काहीच आलं नाही. मी नकारार्थी मान हलवली.

तात्यांनी तिथूनच घरी फोन लावला. "वैनी, रडू नगा! दादा हितं न्हाय!"

तेवढ्यात माझ्या डोक्यात आलं, ही कमांड एकेक ओळ सुटी बघते. 'हातावर' एका ओळीच्या शेवटी आणि 'सखू' पुढच्या ओळीत असेल तर? ओळी जोडून पुन्हा शोधलं. एक फाईल आली.

तात्या अजून हसत बोलत होते.

मी म्हणालो, "तात्या, फोन ठेवा जरा."