डब्यातला वावगा दाणा

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या धावपटू संघाचे संस्थापक. त्यांच्या उजव्या हाताला बसलेले प्रमुख पाहुणे, ज्यांच्या कारखान्यातल्या शक्तिवर्धक पावडरीचे डबे आज व्यासपीठावर फुलदाण्यांच्या जागी शोभत आहेत. कार्यकारिणीचे सर्व सदस्य. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आपल्या आहारतज्ज्ञ बाई. आणि समोर बसलेल्या बंधुभगिनींनो. सकाळचं पळणं उरकून अंघोळ न करता आलेले आणि म्हणून मागच्या पंख्याखाली बसवलेले सभासदही यात आले.

बाईंविषयी बोलायला मला का उभं केलं, हे मला नीट कळलेलं नाही. मी चष्म्यांचा दुकानदार. संघात माझी ओळख एवढीच, की शर्यत असो वा रविवारचं पळणं, माझ्या मागे फक्त रुग्णवाहिका असते, आणि तीही कंटाळून मधेच पुढे निघून जाते. पण चिटणीस म्हणाले, तुम्ही बोला, तुम्ही कुणाला दुखवत नाही. त्यांना माझा अजून पुरेसा अनुभव नाही.

निमंत्रणपत्रिकेत छापलं आहे की बाई वैयक्तिक कारणास्तव आपला संघ सोडत आहेत. कारण वैयक्तिक आहे, यात वाद नाही. फक्त ते कुणाचं वैयक्तिक, एवढं छापायचं राहून गेलं. जागा कमी पडली असेल. पावडरीची जाहिरात बरीच मोठी आहे.

बाई नव्हत्या तेव्हाही आपल्या संघाला आहाराची काळजी होतीच. किंबहुना पळण्यापेक्षा जास्त होती. इतर संघांत पळून झालं की माणसं बूट काढतात. आपल्याकडे डबे काढतात. रविवारी लांबचं पळणं संपलं की मैदानाच्या कडेच्या टेबलावर प्रत्येकाने आपला डबा उघडून ठेवायचा, कार्यकारिणीने हात मागे बांधून त्या टेबलाभोवती फिरायचं आणि गुण द्यायचे, ही प्रथा जगात दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही. तळलेलं दिसलं, गुण गेले. साखर दिसली, गेले. मैदा दिसला तर गुण जायचेच, शिवाय एक उसासाही मिळायचा. वर्षाअखेरीस सर्वाधिक गुणांना 'आदर्श डबा' चषक, पाहुण्यांच्या कारखान्यातर्फे. शर्यत जिंकणाऱ्याला आपण काय देतो? प्रमाणपत्र. तेही बऱ्याचदा ओलं असतं.

या टेबलावर आपली एक कायमची अडचण होती. तिचं नाव बेकरी. म्हणजे आपण सगळे त्याला बेकरी म्हणतो. तो तिथे बसला आहे, पंख्याखाली. बेकरीच्या मालाची गाडी चालवतो, आणि डब्यात काय, तर आदल्या दिवशी न खपलेले बनपाव, वर लोणी, वर जाम. प्रत्येक रविवारी त्याला शून्य गुण, आणि प्रत्येक शर्यतीत पहिला नंबर. आता, चांगलं खाणारा चांगला पळतो असं ज्या संघाच्या फलकावर रंगवलेलं आहे, त्या संघाने या माणसाचं काय करायचं?

आपण उपाय काढला. आपण म्हणालो, त्याने नीट खाल्लं असतं तर तो यापेक्षाही जोरात पळाला असता. बघा, किती भक्कम सिद्धांत आहे. याला हरवू शकेल असा निकाल अजून कुठल्या शर्यतीत लागलेला नाही. आणि माझ्यासारखा मोड आलेली कडधान्यं खाऊन शेवटचा येणारा? त्याने बनपाव खाल्ले असते तर तो पोचलाच नसता. दोन्हीकडून जिंकलो.

मग बाई आल्या. अध्यक्षांनीच आणल्या, त्यांचा हा मोठेपणा कुणी विसरू नये. सगळ्यांना वाटलं, आता बेकरीची खैर नाही. पहिल्याच रविवारी बाईंनी त्याचा डबा पाहिला, त्याचं रक्त तपासायला पाठवलं आणि अहवाल आल्यावर त्याला बाजूला घेऊन म्हणाल्या, तुमच्या अंगात लोह कमी आहे, अंडी आणि पालेभाजी वाढवा. तो म्हणाला, आणि बनपाव? बाई म्हणाल्या, तुम्ही जितकं पळता त्याला ते लागतात, खा.

कार्यकारिणीने बाईंना गाठलं. म्हणजे बनपाव चांगले की वाईट? बाई म्हणाल्या की तो पहिला येतो ते बनपावामुळे नाही आणि बनपाव सोडून तो आणखी पुढे जाईल असंही नाही. तो पळतो पुष्कळ आणि पळण्याला पुरेल इतकं खातो. पालेभाजीने तो वारंवार आजारी पडणार नाही, इतकं मात्र नक्की. एवढं सरळ उत्तर ऐकून आपल्या लोकांची फार निराशा झाली. फलकावर रंगवता येण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

आता मला अध्यक्षांच्या धाकट्या मुलीविषयी, आपल्या धाकटीविषयी बोलायचं आहे. अध्यक्ष, मी घरी येऊन तिची परवानगी घेतली आहे. तुमची घ्यायला हवी होती, पण तुम्ही तेव्हा देवघरात होतात की फोनवर, ते वहिनींना नक्की सांगता आलं नाही.

धाकटीला आपण सगळ्यांनी या मैदानावर मोठं होताना पाहिलं. बेकरीनंतर या संघात खरं पळणारं कुणी असेल तर ती. राज्याच्या संघात तिची निवड होणार, हे आपण तिच्या आधी ठरवून टाकलं होतं. आणि डबा? डबा म्हणजे नमुना. काकडीच्या चकत्या एकीवर एक. उकडलेल्या भाजीचे तुकडे असे कापलेले, की माझ्या दुकानातला भिंगं घासणारा कारागीरही मान डोलावेल. 'आदर्श डबा' चषक दर वर्षी तिच्याकडेच. शेवटी तो घरातून आणायचा आणि पुसून तिलाच परत द्यायचा, असं चाललं होतं. आम्ही आपल्या बायकामुलांना तो डबा दाखवायला न्यायचो. माझी बायको तो बघून म्हणाली होती, हे तिचं खाणं आहे की खाण्याचा फोटो? मी तिला गप्प केलं. चारचौघांत असं बोलू नये.

मग निवडीच्या शर्यतीच्या थोडं आधी, सपाट रस्त्यावर, ना खड्डा ना ठेच, पळता पळता धाकटी खाली बसली. नडगीचं हाड तडकलं होतं. डॉक्टर म्हणाले, पडून मोडतं तसं हे नाही, हे झिजून झालं आहे. पुन्हा पळता येईल का, यावर ते नुसते कागद चाळत राहिले.

कार्यकारिणीची तातडीची बैठक भरली, आम्हा सभासदांनाही बोलावलं होतं. बूट वाईट, रस्ता वाईट, दृष्ट लागली, असं सगळं चर्चेत आलं. एका सदस्याने पावडर दुप्पट करावी असं सुचवलं, आणि पाहुण्यांनी त्याला दिलदारपणे अनुमोदन दिलं. बाई तेवढ्या वेळात धाकटीच्या खोलीत बसून आल्या होत्या. त्यांनी तिला काही प्रश्न एकटीला विचारले. ते इथे सांगण्यासारखे नाहीत, पण तिला ते आजवर कुणीच विचारले नव्हते, हे मात्र सांगण्यासारखं आहे. बाई बैठकीत येऊन म्हणाल्या, ही मुलगी पळते घोड्याइतकं आणि खाते चिमणीइतकं. हाड बांधायला शरीराकडे काही उरतच नाही.

अध्यक्ष उभे राहिले. ते रागावले होते, आणि बाप म्हणून त्यांनी रागावणं मला समजू शकतं. ते म्हणाले, "बाई, माझ्या मुलीच्या डब्यात आजवर एक वावगा दाणा सापडलेला नाही."

बाई म्हणाल्या, "खरं आहे. दाणेच नव्हते."

मी दिवसभर लोकांना भिंगं बदलून विचारत असतो, आता दिसतं का, आता दिसतं का. त्या दिवशी बैठकीत कुणी कुणाला तसं विचारलं नाही. पण धाकटीचा डबा किती लहान होता, हे मला तेव्हा पहिल्यांदा आठवलं. सगळ्यांनाच आठवलं असावं, कारण सगळेच एकदम पाणी प्यायला लागले. इतकी वर्षं आपण त्या टेबलाभोवती फिरलो. डब्यात काय आहे हे वाकून वाकून पाहिलं. डब्यात किती आहे, हे बघायला तर वाकायचीही गरज नव्हती.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. हाड भरत आलं तशी बाईंनी धाकटीला रविवारी टेबलावर बोलावलं, बेकरीच्या शेजारी बसवलं आणि त्याचा डबा तिच्यापुढे सरकवला. ती बराच वेळ त्या बनपावाकडे नुसती बघत राहिली. बेकरी फार कमी बोलतो. तो म्हणाला, "खा गं ताई, कालचाच आहे, पण तुला चावणार नाही." ती हसली आणि मग खाल्लं तिने. रडत रडत खाल्लं, लोणी हाताला लागत होतं. कार्यकारिणी हात मागे बांधून उभी होती. गुण किती द्यायचे ते कुणालाच सुचेना.

बुधवारी ठराव आला. 'संघाच्या आहारधोरणाशी विसंगत सल्ला' दिल्याबद्दल बाईंविषयी खेद व्यक्त करण्यात आला. खेद हा शब्द चिटणिसांनी सुचवला. मूळ शब्द यापेक्षा जड होता. या महिन्यात करार संपला, बाईंना मुदत वाढवून मिळाली नाही, आणि आपण लगेच शाल आणली. आपला संघ कृतघ्न नाही. आपण माणसाला काढतो तेही हार घालून.

तर मंडळी, आजच्या भाषणाचा विषय मला चिटणिसांनी कागदावर लिहून दिला होता: 'लांब पल्ल्याच्या धावपटूला सकस आहाराचं महत्त्व'. महत्त्व आहेच. बेकरीला विचारा, पालेभाजी सुरू केल्यापासून या हिवाळ्यात तो एकदाही खोकला नाही. पण पोट अर्धं ठेवून भरलेला सकस डबा हा टेबलावर ठेवायला ठीक आहे, पळायला नाही. याहून जास्त मला कळत नाही. जेवढं कळलं तेवढं बाईंकडून कळलं, आणि त्यांची फी संघाने भरली, याबद्दल मी कार्यकारिणीचा ऋणी आहे.

डॉक्टरांनी धाकटीला गेल्या महिन्यात पळायची परवानगी दिली. पहिल्या रविवारी ती हळूहळू, माझ्या मागे पळत होती. माझ्या मागे माणूस असण्याचा तो माझा पहिलाच अनुभव, मी तो मनापासून उपभोगला. परवाच्या रविवारी तिने वळणावर मला गाठलं, "काका, जरा बाजूला," म्हणाली आणि गेली. मला इतकं छान वाटलं की मी थांबून बघत राहिलो, आणि रुग्णवाहिकेतल्या माणसाला वाटलं मला चक्कर आली.

आता माझं बोलणं आवरायला हवं, कारण अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं आहे. नाही, माफ करा, त्यांनी घड्याळाकडे पाहिलेलं नाही. चष्म्याच्या धंद्यात माणसाची नजर कुठे जाते ते लगेच कळतं. पत्रिकेत अल्पोपाहार भाषणांनंतर आहे, पण धाकटी मघाच उठून भिंतीकडच्या टेबलाशी गेली आहे, आणि तिने ताटली भरून घेतली आहे. नुसती काकडी नाही. वळून बघू नका, मंडळी, तिला सुखाने खाऊ द्या. तिच्याकडे फक्त दोन माणसं बघत आहेत, आणि दोघंही व्यासपीठावर आहेत. बाई बघत आहेत. अध्यक्षही बघत आहेत. आणि अध्यक्षांचे हात मागे बांधलेले नाहीत.

बाई, तुम्ही जिथे जाल तिथल्या लोकांनी तुम्हाला डब्याविषयी विचारण्याआधी माणसाविषयी विचारावं, एवढीच सदिच्छा. आयोजकांनी मला बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, पाहुण्यांनी मधे उठून जायचा मोह आवरला, सर्वांचे मनःपूर्वक आभार. बोलण्यात काही जास्त झालं असेल तर त्याची क्षमा मी मागत नाही, जास्तीने कुणाचं हाड तडकत नाही, असं मी नुकतंच शिकलो आहे. पण कुठे काही कमी पडलं असेल, आणि बाईंच्या बाबतीत ते पडलंच आहे, तर तेवढ्यापुरती मला, आणि जमलं तर आम्हा सगळ्यांनाच, क्षमा असावी.