उत्तरेची हवा निघाली, नागू

गुरुजन मंडळी, आयाबायांनो, समद्या वालूरकरांनो. मला माईकवर बोलता येत न्हाई. मी मेडिकलवाला माणूस. गोळी जेवणाआधी घ्यायची का जेवणानंतर, एवढंच बोलत जिंदगी चाललीय. पण अप्पांच्या घरच्या, शांताकाकू म्हणल्या, नागू, तू बोल, शेवटी तू बी जवळ होतास. होतो, काकू. जवळच होतो. पण त्याचा काय उपेग झाला?

आपले वैजनाथअप्पा लिंगैक्य झाले, आपल्याला सोडून गेले. भूगोलाचे सर. हितं बसलेल्या निम्म्या माणसांना अप्पांनी बाकावर चढवलंय. शिक्षा म्हणून न्हाई हो! वायुराशी शिकवायला. निम्मा वर्ग उत्तरेची हवा. गार, कोरडी, जड. निम्मा वर्ग बंगालच्या बाजूची हवा. उबदार, दमट, हलकी. मंग म्हणायचे, चला, भिडा! जड हवेनं वाकून खालून घुसायचं, हलक्या हवेनं बाकावर चढायचं. वर गेली की गार पडती, गार पडली की ढग, अन् ढग झाला की वाजवा टाळ्या, पाऊस! हेडमास्तर दारात येऊन उभे, अन् आत आमचा पाऊस चालूच.

दोन हवा जिथं भिडत्यात, तिला म्हणत्यात आघाडी. मी उठून इचारलं, सर, कोणत्या पक्षाची? वर्ग हसून बेजार. अप्पा बी हसले. म्हणले, "फरक न्हाई, नागू. एकत्र येत्यात, पण मिसळत न्हाईत." अन् हे बी सांगायचे, की पुस्तकातली खरी आघाडी थंड मुलखातली. आपल्या परभणीवर नुसती खेटाखेटी होती. पण त्या खेटाखेटीतच गारा पडत्यात, ज्वारी आडवी होती.

अन् अप्पांचा दमा उठायचा. हे तुमाला ठावं हाय.

दर हिवाळ्यात अप्पा दुकानात यायचे. मोबाईलवर ढगांचा नकाशा दाखवायचे. मला त्यातलं ओ का ठो कळायचं न्हाई. मंग हळूच म्हणायचे, "उत्तरेची हवा निघाली, नागू. पंप मागवून ठेव." मी लगेच परभणीला फोन लावून दम्याचे पंप मागवायचो. अन् खरंच, चार-दोन दिसांत निम्मं गाव खोकत दुकानात. कंपनीचा माणूस इचारायचा, तुमाला आधीच कसं कळतं? मी म्हणायचो, आमचे सर हायेत. लय मिजास होती मला त्याची.

ह्या बारीला बी त्यांनी सांगितलं. आभाळ भरलेलं होतं, जीव गुदमरल्यावानी. अप्पा म्हणले, ह्याचं काई न्हाई, हे हटंल तवा बघ, मागून गार हवा घुसंल. मी पंप मागवले. फळीवर लावले. सांगा, काय कमी होतं? खबर होती. औषध होतं. सकाळी वारं फिरलं, आभाळ लख्ख झालं. समदा गाव म्हणला, बरं झालं बाई, ऊन पडलं. अन् काकूंचा फोन आला, नागू, गाडी काढ.

मी परभणीच्या दवाखान्याकडं गाडी चालवायलोय. मागं अप्पा काकूंच्या खांद्याला टेकून. काकू पंप द्यायलेत, अन् पंप काई आत जाईना. पेडगावच्या अलीकडं अप्पा मला म्हणले, "काच खाली घे." मी म्हणलं, अप्पा, बाहेर गार हाय, तीच हवा हाय ओ. तर म्हणले, "हवाच पाहिजे की रे."

सांगा मंडळी. काच उघडली तर तीच हवा. लावली तर हवाच न्हाई. काय करावं माणसानं? मी उघडत होतो, लावत होतो. उघडत होतो, लावत होतो. सगळ्या रस्त्यानं मी तेवढंच केलं. परभणी यायच्या आत अप्पा गेले.

डॉक्टर म्हणले, तुमी तरी काय करणार होता? काकू बी तेच म्हणत्यात. खरंच हाय. काईच करता येत नव्हतं. तेच तर मला सहन होईना! हवा कुठून निघाली, कुठं भिडंल, कधी पोचंल, समदं कळत होतं त्या माणसाला. अन् त्याच्याच छातीत वाटीभर हवा जाईना.

कालपासून परत ढग यायलेत. आज शटर उघडताना मी सवयीनं अप्पांच्या घराकडं बघितलं. आता पंप कधी मागवू, अप्पा? कुणाला इचारू?

ह्या हॉलच्या खिडक्या मीच उघड्या ठेवायला लावल्यात. गार लागत असंल तर लागू द्या. आता उठा, गप उभं राहू. फक्त एक करा. असं उभं राहिलं की आपण मान खाली घालतो अन् श्वास धरून ठेवतो. आज धरू नका. सावकाश, मोठा श्वास घ्या. जातोय ना आत?

अप्पांना तेवढंच पाहिजे होतं. शरणु शरणार्थी, अप्पा.