विहिरीजवळचं शंभरावं

वहिनी : मान सरळ. खांदे खाली. हं, आता अजिबात हलू नका.

वन्सं : अगं, पतंगाला खांदे कुठले?

वहिनी : सवय हो, वन्सं. चाळीस वर्षं पासपोर्टचे फोटो काढले. समोर कोणीही आलं तरी तोंडातून तेच निघतं.

(बेटावरच्या पाहुणघराचा मागचा व्हरांडा, हिवाळ्यातली सकाळ. काल संध्याकाळी दिव्यासमोर टांगलेली पांढरी चादर अजून तशीच आहे, आणि घर आपल्याच बापाचं असल्यासारखे तिच्यावर चार-पाच पतंग झोपले आहेत. नणंद गणिताची बाई, निवृत्त. भावजय स्टुडिओवाली, तीही निवृत्त. इथला हा त्यांचा सहावा हिवाळा. पतंग-फुलपाखरं नणंदेने शोधून वहीत लिहायची आणि भावजयीने कॅमेऱ्यात टिपायची, हा पहिल्या दिवसापासूनचा नियम.)

वन्सं : पुरे आता, हे सगळे जुनेच. शंभर प्रकार काल पूर्ण झाले. मालकांना सांगून टाकते, पुढच्या वर्षी आमची खोली खुशाल दुसऱ्या कोणाला द्या.

वहिनी : एवढी काय घाई आहे?

वन्सं : शंभर म्हणजे शंभर. ठरलं होतं ना आपलं? पेपर सोडवून झाला की वर्गात रेंगाळायचं नाही. कालचं ते शंभरावं फुलपाखरू दाखव बघू, विहिरीजवळचं. हुबेहूब वाळक्या पानासारखं!

वहिनी : बॅटरी उतरलीय.

वन्सं : आत्ता तर पतंगाचे खांदे खाली करवत होतीस.

वहिनी : मग कार्ड भरलं असेल.

वन्सं : वहिनी, मागच्या बाकावरची पोरं याहून बऱ्या थापा मारायची. आण इकडे.

वहिनी : घ्या.

वन्सं : अहाहा! काय ती नक्कल! शेपूटसुद्धा कशी बारीक.

वहिनी : तो देठ आहे, वन्सं.

वन्सं : देठासारखंच दिसतं ते. तीच तर गंमत.

वहिनी : देठच आहे. पान आहे ते. ओल्या मातीत पालथी पडून चौदा फोटो काढले मी त्याचे. शेवटी वारा आला आणि ते उलटं पडलं.

वन्सं : मग तिथेच का नाही बोललीस?

वहिनी : तुम्ही टाळ्या वाजवत होतात.

वन्सं : हे असं पहिल्यांदाच झालं ना? खरं सांग.

वहिनी : तीन हिवाळे झाले. बारा पानं, एक खिळा, आणि एक मालकांच्या चपलेचा तुटका अंगठा.

वन्सं : चपलेचा अंगठा?

वहिनी : "दुर्मीळ आहे, जवळ जाऊ नकोस," म्हणालात. मी आपला लांबूनच काढला.

वन्सं : अर्ध्या अर्ध्या मार्कासाठी पोरांना रडवलं मी, आणि माझ्याच वहीत चौदा खोट्या नोंदी! आणि तू मनातल्या मनात हसत होतीस.

वहिनी : नाही हसले. चपलेला थोडी हसले. डोळ्यांचे डॉक्टर काय म्हणाले?

वन्सं : कुठले डॉक्टर?

वहिनी : तुमच्या वहीतल्या ओळी दोन वर्षं डोंगर चढतायत, वन्सं.

वन्सं : पेन चांगलं नाही ते.

वहिनी : वन्सं.

वन्सं : मधलं पुसत चाललंय. समोर बघितलं की तुझ्या तोंडाच्या जागी एक डाग दिसतो. कडेचं दिसतं, हललेलं कळतं. चष्म्याने जाणारं नाही म्हणाले. म्हणून म्हटलं, शंभर करावेत आणि मानाने थांबावं. नंतर तू माझा हात धरून हिंडवणार, ते मला सोसायचं नाही.

वहिनी : ह्यांना माहीत आहे?

वन्सं : दादाला सांगितलं तर गावभर होईल. तुलाच काय ते पहिल्यांदा. आता तुझं तू शोध. तुझे डोळे धड आहेत.

वहिनी : ती वही उघडा. 'कोणी पाहिलं' या रकान्यात मी किती वेळा आहे?

वन्सं : उघडायला कशाला हवी? एकदाही नाही.

वहिनी : चाळीस वर्षं माणसं आपल्या पायांनी येऊन स्टुलावर बसायची. मला कोणाला शोधावंच लागलं नाही. तुमचं बोट नसेल तर अख्खं बेट पालथं घालून मी मालकांच्या मांजराचा फोटो घेऊन येईन. रात्री झोप नाही लागली मला. गप्प बसले तर शंभर पुरे म्हणून तुम्ही यायचं थांबवणार. बोलले तर तुम्हाला लागणार. तरी बोलले, कारण तुम्ही मला हव्या आहात. पानांसकट.

वन्सं : थांब. हलू नकोस.

वहिनी : काय झालं? एवढं लागलं का?

वन्सं : तुझ्या मागून काहीतरी गेलं. डावीकडे, कुंडीच्या अंगाने. सरळ बघितलं की हरवतं मेलं. ते बघ, परत!

वहिनी : अगबाई! निळं आहे. बसलं. पंख मिटले. मान सरळ, खांदे... हं, आलं!

वन्सं : नक्की फुलपाखरू ना? डबी, झाकण, असलं काही नाही?

वहिनी : सहा पाय मोजून घेतलेत. पण आहे हे आपल्याकडे, पहिल्याच वर्षीचं.

वन्सं : असू दे. यापुढे उडतं असेल ते मी सांगीन, बसलेलं तू बघ. पेन आण. आधी ते चौदा खोडते. रेघ सरळ आली का?

वहिनी : थोडी चढली.

वन्सं : चढू दे. राहिले शहाऐंशी. हल्ली नवीन किती मिळतात आपल्याला? खरे खरे.

वहिनी : वर्षाला सातेक.

वन्सं : मग मालकांना हाक मार. म्हणावं, पुढचे पाच हिवाळे ही खोली आमचीच.

वहिनी : पाच? वन्सं, चौदाला सातने भागलं तर...

वन्सं : गणित माझ्यावर सोड.