मुलांचा कौल

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून आम्ही बाकावर बसलो होतो. शेजारी कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांना घेऊन आलेला माणूस त्यांचा जुना विद्यार्थी, आता त्यांचाच विभागप्रमुख.

"बाई, संगणकावरचं संख्याशास्त्र यंदापासून नव्या ऑनलाइन पॅकेजवरून शिकवायचं ठरलंय. तुमच्या छापील नोट्स बंद."

"हे सांगायला सोबत आलास होय! मला वाटलं, माया उतू चाललीय."

"तसं नाही हो. मुलांचा कौल घेतलाय. जवळजवळ सगळ्यांना पॅकेजच हवंय."

"कौल घेतलास कुठे?"

"पॅकेजमध्येच. गेल्या वर्षी मुलांना ते वापरून बघायला दिलं होतं, त्याच्या शेवटच्या पानावर प्रश्न होते."

"आणि ज्यांच्या घरी लॅपटॉप नाही, ती मुलं?"

"त्यांची उत्तरं आली नाहीत."

"वा रे माझ्या पठ्ठ्या! पोहणाऱ्यांनाच विचारलंस, पाण्याची भीती वाटते का म्हणून. हेच शिकवलं मी तुला?"

"बाई, मला कळत नाही का? निर्णय वरून आधीच आला होता. कौल नंतर घेतला."

"तू स्वतः माझ्या कागदांवर हाताने उदाहरणं सोडवायचास. मग शनिवारी येऊन कॉलेजच्या संगणकावर ताळा बघायचास. तुझ्यासारख्यांनी आता काय करायचं?"

"तशी मुलं यंदा नसतीलच, बाई. प्रवेशालाच लॅपटॉपची अट घातलीय."

तेवढ्यात आतून बाईंना हाक आली.

"बाई, हात धरा. पुढे पायरी आहे."

"असू दे. पडले तर मोजणार थोडाच आहेस?"