ग्रेता नावाची सवत

आम्पारो: सहा वर्षं संसार केला, एलिसेओ, आणि मला सवत आहे हे मोरेलियाच्या डॉक्टरीणबाईंकडून कळावं?

एलिसेओ: बसमध्ये बसल्यापासून तेच चाललंय तुझं. लोक बघत होते.

आम्पारो: बघू देत की. नाव तरी किती गोड! ग्रेता!

एलिसेओ: कुंभाराशी लग्न केलंयस तू. भांड्याला चकाकी द्यायची तर ग्रेताच लागते. नारिंगी भुकटी आहे ती, बाई नाही.

आम्पारो: बाई परवडली असती. तिनं फार तर तुला पळवून नेलं असतं. हिनं रक्तात घर केलंय. शिसं म्हणाल्या ना डॉक्टरीणबाई?

एलिसेओ: हळू बोल. आई चुलीपाशी आहे.

आम्पारो: दिवसभर तिच्यात हात, आणि त्याच हातानं तोर्तिया खायच्या. आणि तो दुसरा कागद, वीर्यतपासणीचा, कुठाय?

एलिसेओ: खिशात आहे. खिशातच राहू दे.

आम्पारो: थोडे आहेत, आणि जे आहेत ते आळशी. असंच लिहिलंय ना त्यात?

एलिसेओ: मंद लिहिलंय. आळशी तू म्हणतेस.

आम्पारो: रविवारी चर्चला निघालेल्या तुझ्यासारखे.

एलिसेओ: हस, हसून घे सगळं. मला वाटलं होतं तू रडशील.

आम्पारो: रडून झालंय रे माझं. सहा वर्षं तुझी आई गल्लीभर सांगत फिरली, सुनेची कूस वांझ म्हणून. तूही कधी तोंड उघडलं नाहीस. आज पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, बाई, तुमच्यात दोष नाही. मग हसू नको?

एलिसेओ: चुकलंच माझं.

आम्पारो: चुकलं ना? मग सोड तिला. सोडलीस तर सहा महिन्यांनी पुन्हा तपासू म्हणाल्या. खात्री देत नाहीत, पण सुधारतं म्हणे.

एलिसेओ: सोडतो. पण साठ भांडी भाजून ठेवलीत, पितरांच्या सणासाठी. ग्रेता दिली नाही तर मातकट दिसतील, कोण घेणार? एवढी एकच भट्टी. शेवटची.

आम्पारो: बाई ठेवणारे सगळे हेच म्हणतात. एकदाच भेटून येतो, शेवटचं.

(एलिसेओची आई येते. हातात मातीचं चकचकीत भांडं, त्यातून वाफा येतायत.)

आई: आलात? सूनबाई, गरम आहे तोवर घे. चिंच जास्त घातलीय आज, गूळही आहे. मूल हवं तर काढा चुकवायचा नसतो.

आम्पारो: आई, एक कबूल करू? रागवायचं नाही हं.

आई: आधी सांग, मग बघते.

आम्पारो: तीन वर्षं तुमचा काढा मी प्यायलेच नाही. मला आंबट सोसत नाही. तुमची पाठ वळली की हा प्यायचा.

आई: हा? मूल होण्याचा काढा?

एलिसेओ: चवीला बरा असतो, आई.

आम्पारो: डोहाळे यालाच लागलेत.

आई: दात काय काढता मेल्यांनो! रोज पहाटे मुळ्या खणायला जाते मी!

एलिसेओ: आई, ते भांडं खाली ठेव. आंबट उकळलं की चकाकीतलं शिसं त्यात उतरतं. तीन वर्षं मी तेच प्यालो. दोष माझ्यात आहे. आम्पारोत नाही.

आई: चकाकीला नावं ठेवतोस? तुझ्या बापानं जन्मभर ग्रेता कालवली, आणि नऊ वेळा दिवस राहिले मला!

आम्पारो: आणि हाती किती लागली, आई?

एलिसेओ: आम्पारो, पुरे.

आई: बोलू दे तिला. ...दोन. हा आणि ओफेलिया. बाकीची काही पोटातच गेली, काही चाळिसावा दिवस बघायच्या आत. माझी सासू म्हणायची, कूस कच्ची आहे हिची.

आम्पारो: तुमचीही?

आई: मग मीही तेच म्हणत आले. दुसरं काही शिकवलंच नव्हतं कुणी.

एलिसेओ: ती साठ भांडी तशीच विकतो. मातकट तर मातकट. आम्पारो, तुझ्या सवतीला काय निरोप देऊ?

आम्पारो: सांग, घरी बायको आहे.

आई: आणि या भांड्याचं काय करायचं? तुझ्या बापानं लग्नात दिलेलं आहे मला. दोनदा चकाकी दिली होती, माझं तोंड दिसावं म्हणून.

आम्पारो: फोडू नका. अंगणात ठेवू, जिरेनियम लावू त्यात. पाणी जायला खाली भोक तेवढं पाडू.

एलिसेओ: दे इकडे, मी पाडतो.

आई: तू हात लावू नकोस त्याला. खिळा आण नुसता.

एलिसेओ: जपून, आई. तडकेल.

आई: तडकलं तर तडकलं. सूनबाई, तू धर गं जरा पलीकडून.